एचआयव्हीची गोळी: खासगी मेडिकल की एआरटी केंद्र?

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला एचआयव्ही निघाला की त्याला आधी पैशांची नाही, 'कोणी पाहिलं तर?' याची धास्ती वाटते. म्हणून तो लांबच्या शहरात खासगी डॉक्टर गाठतो.

तिथं रांग नाही, ओळखीचं कोणी नाही, हे खरं. पण गोळी आयुष्यभर रोज घ्यायची असते. औषध, फी, रक्तात विषाणू किती आहे हे मोजणारी व्हायरल लोडची तपासणी, सगळं खिशातून. कापसाचा भाव पडला की कितीतरी घरांत आधी गोळीच थांबते. वारंवार खंड पडला की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या केंद्रात, औषध मोफत आहे, देशात २००४ पासून. जळगाव, धुळ्यालाही केंद्रं आहेत. बहुतेकांना टीएलडी ही तीन औषधं एकत्र असलेली, दिवसाला एकच गोळी पुरते. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजणारी तपासणी) आणि व्हायरल लोडही मोफत. सुरुवातीला खेपा पडतात, दिवसाची मजुरी बुडते. तब्येत स्थिरावली की अनेकांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. गुपित राखणं २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. शिवाय संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला अर्ज करता येतो. उत्पन्नाची अट मात्र आहे.

माझं मत सरळ आहे: केंद्रातच नाव नोंदवा. आज खासगीत औषध घेत असाल, तर हातातल्या गोळ्या संपण्याआधी जुन्या चिठ्ठ्या घेऊन तिथं जा. जवळचं केंद्र १०९७ वर विचारा, फोन मोफत आहे.