प्लेअर कोअर: आठव्या लेव्हलची वॉरलॉक पाथफाइंडरमध्ये नेली त्याची गोष्ट

२०२३ च्या जानेवारीत डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) लायसन्सवरून जो गोंधळ झाला तेव्हापासून आमच्या टेबलावर "पाथफाइंडरला जाऊया का" चाललं होतं (पाथफाइंडर हा तसलाच दुसरा गेम), शेवटी या वर्षी गेलो. पण कॅम्पेन, म्हणजे चालू असलेली गोष्ट, अर्धवट सोडायला कुणीच तयार नाही, त्यामुळे सगळ्यांनी आपापली कॅरेक्टर्स डी अँड डीच्या फिफ्थ एडिशनमधून पाथफाइंडर सेकंड एडिशनच्या रीमास्टरमध्ये (नव्याने सुधारलेल्या आवृत्तीत) न्यायची असं ठरलं. माझी निशारा. हाफ-एल्फ, दोन लेव्हल पॅलाडिन (शपथ घेतलेली योद्धा), सहा लेव्हल वॉरलॉक (पेट्रन नावाच्या गूढ शक्तीशी करार करून जादू मिळवणारी). म्हणजे कन्व्हर्ट करायला सगळ्यात त्रासदायक प्रकार, आणि तो माझ्याच वाट्याला.

म्हणून हा रिव्ह्यू फक्त "पुस्तक कसं आहे" असा नाहीये, जुनं कॅरेक्टर हातात धरून प्लेअर कोअर, म्हणजे पाथफाइंडरचं खेळाडूंसाठीचं पहिलं नियमपुस्तक, उघडलं तर ते किती उपयोगी पडतं याबद्दल आहे.

आधी मी आळशीपणा केला. एक ऑनलाइन कन्व्हर्टर मिळाला, नाव घेत नाही, कॅरेक्टरची शीट (सगळ्या आकड्यांचा कागद) टाकली की दुसऱ्या सिस्टमची शीट बाहेर. बाहेर आलं ते बघून जीएम (खेळ चालवणारा) हसायलाच लागला. स्पेल अटॅक (जादूने मारताना डायच्या आकड्यात मिळवायचा बोनस) +८ होता तो तसाच +८. करिश्मा २० म्हणजे +५, तोही तसाच, जेव्हा की इथे आठव्या लेव्हलला कुठलाच अ‍ॅट्रिब्यूट +४ च्या वर जात नाही. आणि क्लासच्या रकान्यात पॅलाडिन-वॉरलॉकच्या जवळचे इथले क्लास, "चॅम्पियन २, विच ६". अहो, या सिस्टममध्ये असं लेव्हल वाटून घेणं नसतंच! क्लास एकच, दुसरा हवा तर दुसऱ्या लेव्हलपासून डेडिकेशन फीट (फीट म्हणजे लेव्हल वाढताना निवडायची खास क्षमता) घेऊन त्याचे तुकडे उचलायचे.

त्या +८ चा घोळ जरा सांगते कारण कन्व्हर्ट करताना सगळे इथेच आपटतात. फिफ्थ एडिशनमध्ये प्रोफिशियन्सी (तरबेजपणाचा बोनस) +२ पासून +६ पर्यंतच जाते, आकडे मुद्दाम दाबून ठेवलेत. पाथफाइंडरमध्ये अख्खी लेव्हल मिळवायची, वर ट्रेन्डचे २, एक्स्पर्टचे ४, मास्टरचे ६, लेजंडरीचे ८. आठव्या लेव्हलची विच स्पेलकास्टिंगमध्ये एक्स्पर्ट असते, म्हणजे ८ + ४ + अ‍ॅट्रिब्यूटचे ४ = +१६. समोरच्या आठव्या लेव्हलच्या राक्षसाचा एसी (त्याला मार लागायला गाठायचा आकडा) साधारण २६-२७. जुन्या +८ ने मारायला बसलात तर वीस बाजूंच्या डायवर १८-१९ पडायची वाट बघत बसा, +१६ ने १०-११ ला काम होतं. तीच मुलगी, तेवढीच ताकद, फक्त मोजपट्टी वेगळी. आकडा उचलून नेता येत नाही, तो तिकडच्या हिशोबाने नव्यानेच काढावा लागतो.

मग मी शीट बाजूला ठेवली आणि बाकीच्या चौघांना विचारलं, निशारा म्हटलं की काय आठवतं? मला वाटलेलं स्माइट (जादूचा स्लॉट खर्चून फटक्यात जास्तीचं डॅमेज). एका क्रिटवर (जोरदार बसलेल्या फटक्यावर) मोठा स्लॉट ओतून ड्रॅगन पाडला होता ना, मी अजून सांगत फिरते. कुणालाच आठवला नाही!! चौघांनी जे सांगितलं ते असं, ती पहारेकऱ्यांना तोंडावर खोटं बोलते, तिच्या त्या पेट्रनशी सारखं भांडते, आणि कुणी पडायला आलं की मध्ये जाऊन उभी राहते. थोडा अपमान झाला पण काम सोपं झालं.

पेट्रन हवा म्हणजे विच, आणि ती प्लेअर कोअरमध्येच आहे. मी 'द रिझेंटमेंट' हा पेट्रन घेतला, मी हेक्स (शापासारखी जादू) टाकला की माझा फॅमिलियर (जादूचा सोबती प्राणी) जवळच्या शत्रूला लागलेल्या वाईट कंडिशन्स एक राउंड लांबवू शकतो. वॉरलॉकपेक्षा हे जास्त वॉरलॉक वाटतं खरं तर. जुने दोन स्लॉट तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत यायचे, इथे हेक्सचे फोकस पॉइंट दहा मिनिटांच्या रीफोकसने येतात, ती लय जवळपास तशीच राहिली. विचचा मुख्य अ‍ॅट्रिब्यूट इंटेलिजन्स, त्यामुळे करिश्मा +३ वर आला आणि मी तोंड वाकडं केलं, पण सातव्या लेव्हलला डिसेप्शन (थापा मारायचं कौशल्य) मास्टर करता येतं, मग ८ + ६ + ३ = +१७. या लेव्हलचा नेहमीचा डीसी (काम जमायला गाठायचा आकडा) २४. सात पडला तरी थाप पचते. इतकं बिनधास्त खोटं ती आधीही बोलत नव्हती.

मध्ये उभं राहण्यासाठी चॅम्पियन डेडिकेशन, पुढच्या फीटने चॅम्पियनची रिअ‍ॅक्शन. जस्टिस कॉज (चॅम्पियनचा एक ध्येयमार्ग) घेतला तर जवळच्या साथीदाराला बसणाऱ्या फटक्यातून २ + लेव्हल, म्हणजे माझे १०, कमी होतात. स्लॉट जाळून मारायचं ते जुनं स्माइट मात्र गेलं ते गेलं. त्याच्या जागी काही शोधू नका, उगाच हळहळ होते.

आता पुस्तकाची तक्रार. चॅम्पियन प्लेअर कोअरमध्ये नाहीये! तो प्लेअर कोअर २ मध्ये, जे २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलं. सॉर्सरर, मंक, बार्बेरियन पण तिकडेच. म्हणजे तुमचा पॅलाडिन किंवा सॉर्सरर न्यायचा असेल आणि पहिलं पुस्तक घेऊन बसलात तर हात हलवत परत. आणि रीमास्टरमध्ये नावं बदललीत, हाफ-एल्फ शोधत मी पानंच्या पानं चाळली, त्याला आता अयुवारिन म्हणतात आणि ती स्वतंत्र वंश नाही, कुठल्याही वंशावर लावता येणारी हेरिटेज आहे. जुन्या नावांची एक यादी मागे दिली असती तर काय बिघडलं असतं.

मांडणी मात्र छान, एका क्लासचं सगळं एका जागी. नियम फुकटात हवे असतील तर आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर अधिकृतपणे सगळे आहेत, शोधायला तेच बरं, पण सिस्टम पहिल्यांदा समजून घ्यायला पुस्तक हातात असलेलं बरं पडलं मला.

जुनी +१ तलवार नेणाऱ्यांसाठी एक, इथे +१ फक्त अटॅकला लागतो, डॅमेजला जास्तीचा डाय हवा तर स्ट्रायकिंग रून (शस्त्रावर कोरायची जादू) वेगळा, आणि या लेव्हलला तो असणार हे गणितात धरलेलंच असतं. जीएमकडून आधीच मागून घ्या.

पाचपैकी चार. एक तारा अयुवारिन शोधण्यात गेला. परवाच्या सेशनला निशाराने पहिल्याच सीनमध्ये पहारेकऱ्याला सांगितलं की ती त्याची नवीन कॅप्टन आहे, डायवर नऊ पडला, त्याने सलाम ठोकला.