खेळ सुरेख, सोडत महाग: ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मधील ‘विश’

होयोव्हर्सचा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा खेळ सप्टेंबर २०२० मध्ये आला तेव्हापासून फुकट आहे आणि त्याची मुख्य कथा एक रुपयाही न खर्चता खेळता येते, हे आधी नमूद करायला हवे. डोंगरकडे, पाण्यावरचा उजेड, संगीत या सगळ्याला माझे पैकीच्या पैकी गुण आहेत. हे परीक्षण मात्र नवी पात्रे मिळवण्याच्या ‘विश’ या सोडतीचे आहे.

विश केली की आकाशातून एक उल्का झेपावते. ती निळी असेल तर तीन ताऱ्यांचे किरकोळ शस्त्र, जांभळी असेल तर चार तारे आणि सोनेरी असेल तर पाच. रंग उमटेपर्यंतचे ते दोन-तीन क्षण म्हणजे आकडा लागतो की नाही याची वाट पाहणेच होय. दृश्य वगळण्याचे बटण कोपऱ्यात असते. ते दाबायचे सोडून माणूस श्वास रोखून बसतो.

पाच ताऱ्यांचे पात्र निघण्याची शक्यता, कंपनीनेच जाहीर केल्याप्रमाणे, दर विशला ०.६ टक्के आहे. ८९ वेळा हात रिकामे राहिले तर नव्वदाव्या वेळी ते नक्की मिळते. याला खेळाडू ‘पिटी’ म्हणतात. पण ते आपल्याला हवे तेच असेल असे नाही. सोनेरी उल्का आली तरी जवळपास निम्म्या वेळा ची-ची किंवा जीनसारखे कायमच्या यादीतले पात्र गळ्यात पडते, आणि मग त्याच्या पुढचे पाच ताऱ्यांचे पात्र तेवढे खात्रीने हवे ते येते. सर्वांत वाईट स्थितीत म्हणजे १८० विश. मटक्यात हरलेला पैसा गेला तो गेला. येथे वाया गेलेली प्रत्येक विश मोजणीत जमा होते आणि बॅनर (ठरावीक मुदतीपुरते एखादे पात्र पुढे करणारी सोडत) बदलला तरी ती मोजणी पुढच्या पात्राच्या बॅनरवर चालू राहते. वरवर ही खेळाडूची सोय आहे. माझ्या मते मात्र हीच या पद्धतीतली सर्वांत धूर्त गोष्ट आहे, कारण सत्तर विश झाल्यावर ‘आता थोडक्यासाठी कशाला सोडा’ असे वाटू लागते.

हिशेब चटकन लागू नये अशीच चलनाची रचना आहे: पैशांचे जेनेसिस क्रिस्टल, त्यांचे तेवढेच प्रिमोजेम आणि १६० प्रिमोजेमची एक विश. १८० विशना २८,८०० प्रिमोजेम लागतात. अमेरिकेत ९९.९९ डॉलरच्या गठ्ठ्यात, पहिल्या खरेदीची दुप्पट सवलत संपल्यावर, ८,०८० क्रिस्टल मिळतात. सगळे विकतच घ्यायचे ठरवले तर तीन गठ्ठे पुरत नाहीत. जिंकलेले रोखीत बदलता येत नाही म्हणून हा जुगार नव्हे, असा युक्तिवाद या धंद्यात केला जातो. जुगाऱ्याच्या हाती निदान कधीतरी पैसे लागतात. येथे तेवढेही नाही, मग ही बाजू सौम्य कशी?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने याच चलनावर आणि मुलांना होणाऱ्या विक्रीवर बोट ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये ते प्रकरण मिटवताना कंपनीने २ कोटी डॉलर भरण्याचे आणि १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना लूट बॉक्स, म्हणजे विशसारख्या नशिबावरच्या सोडती, न विकण्याचे मान्य केले.

खर्च करायचाच असेल तर दुकानातला ‘वेल्किन मून’ हा ३० दिवसांचा पास बरा. ३०० क्रिस्टल लगेच आणि रोज ९० प्रिमोजेम, म्हणजे खरेदीपुरता तरी नशिबाचा संबंध नाही. मात्र एक दिवस लॉगिन चुकले की त्या दिवसाचे ९० गेले.