चरईतल्या जुन्या घराला चुन्याचे हात, अनुभव सांगतो

आमचं घर चरईत, आजोबांच्या वेळचं, भिंती विटा आणि चुन्याच्या. चार वर्षांपूर्वी एका काँट्रॅक्टरने वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट मारून दिला, दिसायला चकाचक, पण दोन पावसाळ्यांत पोपडे! ओल भिंतीत अडकते, बाहेर पडायला वाटच नाही ना.

यंदा दिवाळीआधी चुन्याचं काम करणारे एक काका मिळाले. आधी सगळं सिमेंट खरवडलं (धूळ विचारू नका, आई आठवडाभर मावशीकडे), मग आठ दिवस विरवलेल्या चुन्यात वाळू घालून गिलावा आणि वर पातळ चुन्याचे तीन हात, त्यात चिमूटभर नीळ, खाली गेरूचा पट्टा. ओला असताना एवढा फिका दिसतो की मी घाबरलोच, काका म्हणाले "थांबा साहेब, वाळला की उजळतो", आणि खरंच उजळला. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कडक होतो म्हणे, म्हणून घाई चालत नाही.

वेळ मात्र दुप्पट लागला, आणि नवीन असताना टेकलं की शर्ट पांढरा होतो. काकांना चार स्टार, एक कापला कारण सागवानी खिडक्यांना अळशीचं तेल लावायचं राहिलंय, तीनदा फोन केला, "उद्या येतो" चालूच आहे.