फोटोतच 8 नव्हता

एकूण 89 डॉलर गेले. एका साइटवरून घेतलेल्या 3 यूएसबी मॉडेमचे (संगणक फोनलाइनला जोडणारी यंत्रं) 57, पार्सलचे 8 आणि वर "व्हॉइस फर्मवेअर"चे, म्हणजे मॉडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, 24. हे शेवटचे 24 मी आपल्या हातानं पाठवले, त्याचाच संताप जास्त आहे.

मला हवं होतं एवढंच: लँडलाइन वाजली की मॉडेमनं फोन उचलावा, निरोप ऐकवावा, समोरच्याचं बोलणं साठवावं, आणि हे सगळं टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, एका स्क्रिप्टनं. त्यासाठी मॉडेमला व्हॉइस मोड लागतो. नुसते डेटा-फॅक्सवाले त्या कामाचे नाहीत. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर विक्रेत्याला आधीच सांगितलं की एटी+एफक्लास=? ला (मॉडेमला कोणते मोड येतात ते विचारणारी कमांड) काय उत्तर येतं त्याचा फोटो पाठवा. तासाभरात फोटो आला. काळी स्क्रीन, वर माझीच कमांड, खाली "0,1", त्याखाली "ओके".

0 म्हणजे डेटा, 1 म्हणजे फॅक्स, 8 म्हणजे व्हॉइस. 8 नव्हताच! मी ते "ओके" पाहिलं आणि पैसे भरले. मागितलेला पुरावा माणूस लगेच देतो म्हटल्यावर कुणाला संशय येईल? पुरावा मागितलात तर तो वाचा. अक्षर न् अक्षर.

मॉडेम लिनक्सनं लगेच ओळखले. मिनिकॉममध्ये (मॉडेमला कमांड पाठवायचा प्रोग्राम) एटी टाकलं की ओके, एटीडीटी या डायल करायच्या कमांडनं नंबरही लागला. व्हॉइस मोडसाठी एटी+एफक्लास=8 टाकलं, एरर. तिन्हींवर एरर. विक्रेता म्हणाला, "सर, फर्मवेअर टाकावं लागेल. 24 डॉलर थेट पाठवा, साइटवरून कमिशन कापतात." थेट पाठवा म्हटलं की तिथंच थांबा. मी नाही थांबलो, कारण 65 आधीच अडकले होते. फाइल आली ती विंडोजचा जुना ड्रायव्हर! लिनक्सला तो लागतच नाही, त्याच्या कर्नलमधला (गाभ्यातला) सीडीसी-एसीएम हा ड्रायव्हर पुरतो. या घोळात परतीची 14 दिवसांची मुदत संपली, आणि ती त्यानं मुद्दाम संपवली.

मग तक्रारी. साइटवाले म्हणतात, वस्तू पोहोचली, चालते, फॅक्स जातो. चारदा लिहिलं की जाहिरातीत "व्हॉइस" आहे. चारही वेळा माणूस वेगळा, प्रश्न तोच: खोका उघडतानाचा व्हिडिओ आहे का? अहो, एरर कमांडला येतो, खोका उघडताना दिसणार कसा? 24 डॉलर "आमच्याबाहेरचा व्यवहार". बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. सायबर पोलीस म्हणाले, "मॉडेम चालतोय ना? मग फसवणूक कसली?" अर्जाच्या पोचपावतीसाठी 2 खेपा घातल्या.

मॉडेम हातात आला की त्याच दिवशी एटी+एफक्लास=8, मग एटी+व्हीएलएस=1 टाकून लाइन उचलली जाते का बघा. नाही उचलली तर विक्रेत्याशी बोलत बसू नका, आधी परतीचा अर्ज टाका.

माझा अभिप्राय साइटनं काढून टाकला. जाहिरात अजून आहे, "व्हॉइस" ठळक अक्षरात, आणि आता मला पाठवलेला तोच "0,1"चा फोटो तिथं लावलाय.