उंची की हाताचा पल्ला: पोराला बॉक्सिंगला घालताना आधी काय मोजावं?

जून लागला की मालवण-कुडाळ पट्ट्यातली नवी पोरं आमच्या हॉलमध्ये यायला लागतात, आणि सोबत आलेल्या बापाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: “सर, झील माझो चांगलो उंच आसा, बॉक्सिंगात घालूया मा तेका?” हाताबद्दल कोणी विचारत नाही. उंची लांबून दिसते, हात मोजल्याशिवाय कळत नाही.

कोणाला लांबून जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, खेळवायचं आणि कोणाला आत घुसायला लावायचं, हे ठरवताना या दोन मापांपैकी कशावर भिस्त ठेवायची, हे मलाही कधीतरी ठरवावं लागलं. माझा कल हाताकडे आहे. पण उंचीचा दावा पोकळ नाही, म्हणून आधी तिची बाजू मांडतो.

उंचीच्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे मोहम्मद अली. फेब्रुवारी १९६४ मध्ये मायामी बीचला सॉनी लिस्टनशी लढत झाली, तेव्हा त्याचं नाव अजून कॅशियस क्ले होतं. लिस्टनची उंची ६ फूट १ इंच आणि पल्ला, म्हणजे दोन्ही हात आडवे पसरून टोकापासून टोकापर्यंतचं माप, तब्बल ८४ इंच. क्ले दोन इंचांनी उंच, पण पल्ल्यात सहा इंचांनी कमी. पल्ल्यावर पैज लावणारे हरले. क्लेची हनुवटी लिस्टनच्या मुठीला सापडतच नव्हती. कमरेतून मागे झुकायचं, पायांनी सरकायचं, आणि ठोसा संपला की परत जागेवर. सातव्या फेरीला लिस्टन स्टुलावरून उठला नाही.

यामागे साधी भूमिती आहे. उंच माणसाचं डोकं वर असतं, त्यामुळे ठेंगण्याचा हात तिरका वर जातो आणि तिरका गेलेला हात आडव्या अंतरात कमी पडतो. म्हणजे उंची समोरच्याचा पल्ला थोडा खाऊन टाकते. २०१३ मध्ये मिश्र मार्शल आर्ट्समध्ये (ठोसे, लाथा आणि कुस्ती तिन्ही चालणारा खेळ) जॉन जोन्सला अलेक्झांडर गुस्ताफसनने पाच फेऱ्या झुंजवलं, तेव्हाही बहुधा हेच घडलं. जोन्सचा पल्ला साडेचौऱ्याऐंशी इंचांचा, गुस्ताफसनचा त्याहून कमी, पण गुस्ताफसन एखाद्या इंचाने उंच होता. जोन्सला वरून खाली बघून खेळण्याची सवय होती, आणि त्या रात्री ती सोय नव्हती. जिंकला जोन्सच, पण पंचांच्या गुणांवर, आणि पार थकून.

तरीही मी हाताकडे झुकतो.

पहिलं कारण वजनगट. समोरचा तुमच्याच वजनाचा असणार हे ठरलेलं आहे, त्यामुळे उंचीचा प्रत्येक जादा इंच कुठून तरी वजा होतो: मांडीतून, पाठीतून, मानेतून. माणसाचा एक अख्खा हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतो, एक पाय सोळा टक्क्यांच्या आसपास, आणि धड जवळजवळ निम्मं. लांब हात काट्यावर स्वस्तात पडतो, लांब धड महाग. जोन्स आणि डॅनियल कॉर्मियर एकाच वजनात लढले, २०१५ च्या जानेवारीत. उंचीत फरक पाच इंचांचा, पल्ल्यात बारा इंचांचा. कॉर्मियर ऑलिंपिक खेळलेला कुस्तीपटू, अंगात रग भरपूर, पण आत शिरायची वाट त्याला फार महागात पडली.

पण माझं मत ज्याने ठरवलं ती गोष्ट मारण्याची नाही, झाकण्याची आहे. इथे थोडं थांबतो, कारण मापांच्या तक्त्यात ही गोष्ट कधीच येत नाही.

पोराला गार्ड घ्यायला सांगा. दोन्ही ग्लोव्ह गालाशी, हनुवटी खाली, कोपरं अंगाला चिकटलेली. आता कोपराचं टोक कुठे येतं ते बघा. लांब हाताच्या पोराचं कोपर शेवटच्या बरगडीपर्यंत पोचतं, चेहरा आणि पोट एकाच वेळी बंद. ज्याची उंची धडात आणि मानेत आहे आणि हात बेताचे आहेत, त्याचं कोपर बरगड्यांच्या मध्यावरच थांबतं. खाली वीतभर जागा उघडी, उजवीकडे तिथेच लिव्हर. ती झाकायला हात खाली घेतला की जबडा उघडा. हात वर नेला की लिव्हर उघडं. ही आखूड चादर आहे, पाय झाकावे तर डोकं उघडं.

आमच्याकडे असा एक पोरगा होता. त्याच्या वजनात जिल्ह्यात त्याच्याएवढा उंच कोणी नसावा. जॅब सुरेख, तारकर्लीच्या वाळूत धावून पाय तयार झालेले, मेहनतीत कसूर नाही. जिल्ह्यात त्याला अडचण आली नाही. बाहेर गेला की मात्र दुसऱ्या फेरीपर्यंत समोरच्या कोपऱ्यातून ओरडा सुरू व्हायचा, “बॉडी मार, बॉडी!” आम्ही कोपर खाली ठेवायला शिकवलं, कंबर वळवायला शिकवली, पाठ गोल करायला शिकवली. पाठ गोल केली की उंचीच जात होती. मला हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. गार्डमध्ये गुडघे वाकतात, हनुवटी छातीकडे येते, खांदे पुढे येतात, आणि भिंतीवर खूण करून मोजलेली उंची रिंगणात तेवढी उरतच नाही. हात मात्र मोजला तेवढाच राहतो. उंच पोराला स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःची उंची सोडावी लागते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता नवीन पोर आलं की आधी गार्ड घ्यायला लावतो, मग टेप काढतो.

आता पल्ल्याच्या मापातली खोट. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत जे माप घेतात, त्यात छातीची रुंदीही मोजली जाते. किनाऱ्यावरच्या पोरांना हे माप समजावून सांगावं लागत नाही, घरी दोर याच मापाने, वावेने, मोजतात. पण रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या घरांतली आमची पोरं बऱ्याचदा खांद्यांनी रुंद असतात. त्यांची वाव उंचीपेक्षा चांगली मोठी भरते आणि प्रशिक्षक हुरळतो. प्रत्यक्षात हात सर्वसाधारणच. शिवाय ठोसा बोटांनी मारत नाहीत. म्हणून मी वाव मोजतो ती वहीत लिहायला, आणि निर्णय घेतो तो खांद्याच्या टोकाच्या हाडापासून मिटलेल्या मुठीपर्यंतच्या मापावर. शिंप्याकडची साधी टेप पुरते. मोठ्या खेळाडूंचे जे आकडे आपण वाचतो ते सगळे वावेचे असतात, तेव्हा आपल्या मुठीच्या मापाची त्यांच्याशी तुलना करू नये.

आणि लांब हात म्हणजे जिंकण्याची हमी, असंही मला म्हणायचं नाही. हेवीवेट बॉक्सर रॉकी मार्सियानोचा पल्ला ६८ इंचांच्या आसपास, त्याच्या उंचीपेक्षाही कमी, आणि तो ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झाला. माइक टायसनचा ७१ इंच, म्हणजे उंचीपेक्षा जेमतेम इंचभर जास्त. मात्र हे दोघे लांबून खेळलेच नाहीत. डोकं हलवत आत शिरले आणि आत राहिले. आखूड हाताच्या पोराला माझं सांगणं हेच असतं: तुझी लढत जवळची आहे, तीच शिक.

उंचीला आधी विचारावं असे खेळही आहेत. तायक्वांदोत गुण लाथेला जास्त, डोक्यावरच्या लाथेला आणखी जास्त, तेव्हा तिथे पायांची लांबी राज्य करते आणि उंची हे तिचं बऱ्यापैकी खरं माप आहे. तुमचा मुलगा उंच आहे, पाय लांब आहेत पण हात बेताचे आहेत, तर बॉक्सिंगआधी तायक्वांदोचा वर्ग बघून यावा असं मी मनापासून सुचवतो. कबड्डीतून आमच्याकडे येणारी पोरं वेगळीच. चढाईत हाताने निदान रेषेपर्यंत लांब जाऊन गडी शिवायची त्यांना सवय असते, त्यामुळे असलेला पल्ला ती पुरेपूर वापरतात. मापाने सारखाच हात त्यांच्याकडे लांब वाटतो.

तेरा-चौदाच्या पोरांबाबत घाई नको. या वयात हातपाय आधी वाढतात, धड नंतर. आज ज्याचे हात गुडघ्यापर्यंत लोंबतायत तो दोन वर्षांनी सर्वसाधारण दिसू शकतो. दर काही महिन्यांनी मोजत राहावं. एखाद्याची वाव उंचीपेक्षा फारच जास्त असेल, बोटं लांबलचक असतील आणि छातीचा आकार वेगळा असेल, तर खेळाआधी डॉक्टरांना हृदय तपासायला सांगावं. त्यामागे मार्फान नावाचा आजार असू शकतो, आणि तो महाधमनीला त्रास देतो.

एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगतो. खालच्या गटात पोरगा उंच दिसावा म्हणून त्याचं वजन उतरवू नका. आपल्या दमट हवेत प्लास्टिक गुंडाळून धावणारी पोरं मी पाहिलीत. अंगातलं पाणी जातं, ताकद जाते, आणि हाताची लांबी होती तेवढीच राहते. मेरी कोमची उंची १५८ सेंटिमीटर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला महिलांचा सर्वांत हलका गट ५१ किलोचा होता, म्हणून आपल्या नेहमीच्या वजनापेक्षा वर जाऊन, उंच मुलींशी लढून तिने कांस्य आणलं.

राहिला तो उंच आणि आखूड हाताचा पोरगा, जो बॉक्सिंगच करणार म्हणून हट्ट धरतो. त्याला परत पाठवत नाही. त्याला मी पुढचा हात पोटाशी आडवा ठेवून खांद्याने हनुवटी झाकायला शिकवतो. अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदर असाच उभा राहायचा, अर्थात त्याचा पल्ला ७२ इंच होता आणि उंची ५ फूट ८ इंच. या पद्धतीत कोपराची उणीव आडवा हात भरून काढतो. शिकायला वेळ फार लागतो आणि पहिल्या वर्षी पोरगा मार खातो, हे त्याच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवतो.