आईच्या कानाखालची गाठ, इंदूरमधला अनुभव

आईच्या कानाखाली बोराएवढी गाठ, दुखत नाही म्हणून 3 वर्षं अंगावर काढली. सोनोग्राफी, मग सुई टाकून तपासणी, निघाला लाळग्रंथीतला प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नाही पण तशीच ठेवली तर पुढे बिघडू शकते. एमआरआय कशाला विचारलं तर डॉक्टरांनी स्क्रीनवरच दाखवलं गाठ किती खोल आहे ते, कारण चेहरा हलवणारी नस त्याच लाळग्रंथीतून जाते ना. नुसती गाठ सोलून काढली तर परत येते म्हणून आजूबाजूची ग्रंथी पण काढली. महिनाभर तोंड थोडं वाकडं, मग सरळ झालं. सर्जन एकदम भारी, बिलिंग काउंटर मात्र वैताग, डिस्चार्जला 4 तास!! आता वर्ष झालं, छप्पन दुकानवर (इंदूरची खाऊगल्ली) पोहे खाताना गालाला घाम येतो तिला, पण ऑपरेशननंतर असं होऊ शकतं हे डॉक्टर आधीच बोलले होते.