क्रेपची वेणी आणि स्पिरिट गम: खान्देशच्या उन्हात टिकेल का ही दाढी?

भाड्याने मिळणारी, कानाला अडकवायची तयार दाढी लांबून चालून जाते. पण संवाद सुरू झाला की जबडा हलतो आणि दाढी जागची हलत नाही. जळगाव-धुळ्याच्या हौशी स्पर्धांत म्हातारा, वकील, फकीर असल्या भूमिका करणाऱ्या नटाने म्हणूनच लोकरीच्या क्रेपची वेणी (दोऱ्यावर विणलेले नकली केस) आणि ते कातडीला चिकटवायच्या स्पिरिट गमची बाटली घ्यावी. मेहनत आहे, पण चेहरा खरा दिसतो.

वेणीचा दोरा सोडला की केस नागमोडी निघतात. रात्री ओले करून, खाली वजन बांधून टांगावेत. घाई असेल तर ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवावी. थोडी लहर राहू द्यावी. एकाच रंगाची दाढी कापसाच्या गोळ्यासारखी दिसते, म्हणून दोन-तीन छटा हाताने ओढून मिसळाव्यात: हनुवटीखाली गडद, गालाकडे फिकट.

लावताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे आधी तेलकट रंग फासणं. त्यावर गम धरतच नाही. कोरड्या कातडीवर पातळ थर द्यावा, बोटाने टिचकत राहावं आणि ओढ लागली की मगच केसांची टोकं टेकवून ओलसर मलमलीने दाबावीत. ओल्या गमवर केस सरकतात आणि कडेला चकाकी दिसते. सुरुवात हनुवटीखालून करून वर यावं. मिशी कोपऱ्यांकडून मध्याकडे. शेवटी कात्री.

अ‍ॅलेक गिनेस या इंग्रज नटाने १९४९ साली ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ या एकाच चित्रपटात एकाच घराण्यातली आठ माणसं उभी केली, त्यात एक बाईसुद्धा! त्याच्या आदल्या वर्षी रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्नने त्याला ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या फॅगिन या ज्यू पात्रासाठी लावलेलं नाक मात्र इतकं मोठं होतं की ज्यूंनी आक्षेप घेतला आणि चित्रपटाचं अमेरिकेतलं प्रदर्शन १९५१ पर्यंत रखडलं. १९८४ मध्ये ‘अ पॅसेज टू इंडिया’त गिनेसने गोडबोले नावाचा मराठी प्राध्यापक केला. तिथे आपल्याला माणसाआधी रंग दिसतो. एवढ्या मोठ्या नटाचंही रंगभूषा पुढे गेली की नुकसान होतं. दाढी कमीच लावा.

उन्हाळी प्रयोगाला मात्र हा गम कच्चा आहे. राळ अल्कोहोलमध्ये विरघळवून तो केलेला असतो. झाकण सैल राहिलं की अल्कोहोल उडतं आणि बाटलीत काकवी उरते. वैशाखात घाम आतून सुटतो, आधी ओठांच्या कोपऱ्यांशी कड उचलते. तिथे केस विरळच ठेवावेत आणि मध्यंतरात घाम टिपून घ्यावा, पुसू नये. गम पेट घेतो, तेव्हा नटराजपूजनाच्या निरांजनाजवळ बाटली नको. एक दिवस आधी कोपराच्या आत थेंब लावून कातडीला चालतो का ते पाहावं.

काढताना ओढू नये. गम सोडवणारं रिमूव्हर, नाहीतर सर्जिकल स्पिरिट कापसाने कडेकडेने मुरवावं, मग खोबरेल तेल. उरलेली वेणी डांबरगोळी घालून ठेवावी, लोकरीला कसर लागते.